दोनशे पावलं आणि आठ ड्रम

जानव्याला किल्ली अडकवणारे मी पुष्कळ पाहिलेत. आमच्या मालकांच्या जानव्याला पेचकस असायचा. बोटाएवढा, लाल मुठीचा. पूजा त्यांनी कधी केली नाही, ती काकू करायच्या. "मग जानवं कशाला ठिवलंय, मालक?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बाई, पेचकस खिशात ठेवला की हरवतो. हे एकच असं आहे जे मी आंघोळीलासुद्धा काढत नाही."

मालक म्हणजे आमचे घरमालक. उस्मानपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. पुढं ते आणि काकू, वर एक माडी, आणि मागं अंगणाभोवती पत्र्याच्या सात खोल्या. सात खोल्यांत सात बिऱ्हाडं. संडासाच्या भिंतीला लागून असलेली सगळ्यात शेवटची खोली आमची. आम्ही सोयगावकडचे, मेंढरं राखणारे. दुष्काळाचं पहिलं वर्ष कसंबसं काढलं, दुसऱ्या वर्षी मेंढरं विकली आणि शहरात आलो. नवऱ्याला शहराच्या कडेला नव्या इमारतींवर राखणदाराचं काम मिळालं. मला मालकांकडंच धुणंभांडी मिळाली. तेव्हा मी पन्नाशीला आले होते. भांडी घासायला वय लागत नाही.

मालकांची नोकरी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली होती. पोरांनी जाळलेली यंत्रं दुरुस्त करायची, हेच त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर जाळायला पोरं उरली नाहीत, म्हणून ते भंगारातून मेलेले प्रिंटर आणून स्वतःच खोलत बसायचे. प्रत्येक प्रिंटरच्या पोटातून एकदोन मोटारी निघायच्या. माडीवर अशा पन्नाससाठ मोटारी फळीवर ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि केर काढताना एकीला जरी धक्का लागला तरी खालच्या मजल्यावर त्यांना कळायचं.

"लग्नाच्या वेळी मुलगा कामाला आहे एवढंच सांगितलं," काकू म्हणायच्या. "कसल्या कामाला ते कोणी विचारलंच नाही. आमच्याकडचे लोक भोळे."

त्या मोटारी पंख्याच्या मोटारीसारख्या नव्हत्या. पंख्याला वीज दिली की तो गरगर फिरतो, त्याला कसलाच हिशेब नसतो. ह्या मोटारी पावलं टाकायच्या. दोनशे पावलांत एक फेरी. सतरा पावलं चाल म्हटलं तर सतरा चालायची आणि पाय रोवून उभी राहायची, हातानं ढकलली तरी हलायची नाही. पण तिला एकटीला काही कळत नाही. पाऊल कधी टाकायचं आणि किती जोरानं, ते तिला सांगणारी एक पाटी लागते. तिला म्हणायचे ड्रायव्हर. बिस्किटाच्या तुकड्याएवढी पाटी, खाली दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय, आणि वर राईएवढा एक स्क्रू. मालकांचा जानव्याचा पेचकस त्या स्क्रूसाठी होता. तो जरा फिरवला की मोटारीला वीज जास्त, जरा उलटा फिरवला की कमी.

कॉलेजची मुलं अजून सल्ला विचारायला यायची. मालक त्यांना सरळ उत्तर द्यायचे नाहीत.

"सर, कोणता ड्रायव्हर घेऊ?"

"मोटार किती खाते?"

"माहीत नाही सर."

"पाहुणा किती खातो ते न विचारता तू घरी भाकरी टाकायला सांगतोस का? जा, मोटारीवर काय लिहिलंय ते वाचून ये."

मुलगा जिना उतरला की मला म्हणायचे, "दीड अँपिअर वीज खाणारीला एक वाढला तर ती उपाशी, चालता चालता पाऊल चुकवणार. एक खाणारीला दोन वाढले तर अंगात ताप. मोटार आणि ड्रायव्हर जुळवताना पत्रिका नको, भूक बघावी." ताप आहे की नाही हे बघायची त्यांची रीत सोपी होती. चालत्या मोटारीवर बोट ठेवायचं आणि दहा आकडे मोजायचे. दहाच्या आत बोट उचलावं लागलं तर स्क्रू उलटा फिरवायचा. त्यामुळं त्यांच्या बोटाची कातडी कायम सोललेली असायची, आणि काकू त्यावर हळद लावताना बोलायच्या ते इथं लिहीत नाही.

जिन्याच्या दारावर त्यांनी खडूनं एकच वाक्य लिहून ठेवलं होतं. जेवत्या माणसाचं ताट ओढू नये. म्हणजे वीज चालू असताना मोटारीची तार उपटायची नाही, उपटली की ड्रायव्हर जागच्या जागी जळतो. आधी वीज बंद, मग तार. येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते दार दाखवल्याशिवाय वर घ्यायचे नाहीत. मी चौथीपर्यंत शिकलेली, मलाही त्यांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं होतं.

मला त्या धंद्यात ओढलं ते तारांनी. मोटारीला चार तारा असतात, दोन दोनच्या जोड्या. जोडी चुकली तर मोटार जागच्या जागी थरथरते, चालत नाही. मुलं मीटर लावून जोड्या शोधायची. एकदा मी धूळ पुसत होते, तेव्हा मालक म्हणाले, "बाई, मीटर कशाला? ह्यातल्या कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना लावा आणि दांडा बोटांनी फिरवून बघा."

मी पहिल्या दोन लावल्या. दांडा सहज फिरला. एक तार बदलली, तरी फिरला. आणखी एक बदलली, तर दांडा अडून बसला.

"ही जोडी," मी म्हणाले.

"कशावरून?"

"कोकरू परक्या मेंढीखाली लावलं तर ती पुढं चालू लागती. आपलंच आसंल तर पाय रोवून उभी ऱ्हाती."

मालक हसले नाहीत. त्यांनी फळीवरच्या सगळ्या मोटारी माझ्यापुढं ठेवल्या. दुपारभरात मी साऱ्यांच्या जोड्या लावून तारांना रंगीत दोऱ्यांच्या गाठी मारल्या. तेव्हापासून ते काम माझं झालं. काकूंनी खालून विचारलं, "अहो, भांडी कोण घासणार?" तर मालक वरून म्हणाले, "भांडी कोणीही घासू शकतं."

ते ऐकून मला बरं वाटलं. भांडी मात्र शेवटी मीच घासली.

आता पाण्याचं सांगते. त्या वर्षी नळाचा भरवसा उरला नव्हता. चार दिवसांनी सकाळी टँकर यायचा आणि अंगणातल्या विटांच्या ओट्यावरची काळी टाकी भरून जायचा. नवरा राखण करायचा त्या इमारतीच्या सिमेंटवर दिवसातून दोनदा पाणी मारायचे, आणि आमच्या आठ घरांना चार दिवसांत एक टाकी. टाकीच्या नळाशेजारची खोली मुकादमाची. मुकादमीण आधीपासूनच तिथं रबरी नळी लावून उभी असायची. तिचा ड्रम भरला, मग तिच्या घागरी, मग पातेली, मग पुढचं घर. ती वाईट बाई नव्हती. तिच्या घरात नऊ माणसं होती. पण आमचा नंबर येईपर्यंत नळ ठिबकायला लागायचा. टाकीचा नळ तळापासून वीतभर वर असतो. त्या खालचं पाणी नळानं येत नाही, तेच माझ्या वाट्याला यायचं. टाकीचं झाकण काढून, आत वाकून, मगानं काढायचं. त्यात गाळ असायचा. त्यावर चार दिवस काढायचे. पिण्याचं पाणी मी काकूंकडून मागून न्यायचे, आणि मला मागायला आवडत नाही.

एक दिवस मालकांनी माडीच्या खिडकीतून मला टाकीत डोकं घालून वाकलेलं पाहिलं. खाली आले. म्हणाले, "दोनशे भागिले आठ किती?"

मी टाकीतूनच म्हणाले, "मला काय ठावं?"

"पंचवीस. बरोबर पंचवीस, बाई! बाकी शून्य!" आणि परत वर गेले. मला वाटलं, ऊन लागलं.

पंधरा दिवसांत त्यांनी ते यंत्र उभं केलं. तेलाच्या आठ डब्यांची नरसाळी गोल मांडली. प्रत्येक नरसाळ्याच्या बुडाला एक नळी, ती एकेका घराच्या ड्रमात. मधोमध टाकीच्या नळातून येणारा वाकडा पाइप, आणि तो फिरवायला वर मोटार. मोटार पंचवीस पावलं चालणार, एका नरसाळ्यावर थांबणार, ठरलेली मिनिटं पाणी सोडणार, परत पंचवीस पावलं. आठ घरं, दोनशे पावलं. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

अंगणात पंचायत बसली. मुकादमीण म्हणाली, "मालक, मशिनीला काय कळतं कुनाच्या घरात किती तोंडं?"

"तोंडं कळत नाहीत म्हणूनच ती बरी," मालक म्हणाले.

तिसऱ्या खोलीतल्या खाला, ज्यांचा शिवणकामाचा धंदा होता, त्या म्हणाल्या, "आजमाके देखो ना. क्या बी हो, हमकू तो पहलेसे आधाच मिलता."

शेवटी ठरलं की दोन टँकर यंत्रानं वाटायचे. नाही जमलं तर परत नळी मुकादमिणीच्या हातात, आणि मालकांनी पुन्हा पाण्याच्या कामात तोंड घालायचं नाही. मालकांना त्यांच्या शब्दाची पडली होती. मला माझ्या ड्रमाची.

पहिला टँकर आला. पाइप पहिल्या नरसाळ्यावर उभा राहिला, पाणी सुरू झालं. मालकांच्या चेहऱ्यावर, नातू झालेल्या माणसाच्या असतो तसला आनंद. दुसरं नरसाळं झालं. तिसऱ्याकडं जाताना पाण्याच्या जोरानं पाइप अडखळला आणि दोन नरसाळ्यांच्या मध्येच थांबला. पाणी जमिनीवर. मोटार मात्र आपण पंचवीस चाललो असंच धरून चालली होती. पुढं ती बरोबर पंचवीसच पावलं टाकायची आणि प्रत्येक वेळी मधोमध, जमिनीवर पाणी ओतायची.

"गणित बरोबर आहे! गणित बरोबर आहे!" मालक ओरडत होते.

"गणित बरुबर हाय, मग ह्यो चिखल कुनाचा?" मुकादमीण ओरडली. "बंद करा आधी ते!"

आणि मालकांनी काय केलं? वीज चालू असताना मोटारीची तार ओढली. ज्या माणसानं दारावर लिहून ठेवलं होतं, त्यानंच ताट ओढलं. फट् असा बारीक आवाज झाला आणि जळका वास आला. मालक तार हातात धरून उभे. मग वर गेले आणि दार लावून घेतलं.

उरलेलं पाणी मुकादमिणीच्या नळीनं वाटलं. मी मग घेऊन टाकीत वाकले.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले तर पांघरूण तोंडावर घेऊन झोपलेले.

"उठा, मालक. तीन दिसांनी टँकर हाय."

"ड्रायव्हर जळला, बाई."

"दुसरा आना."

"मी क्रांती चौकातल्या दुकानात जाणार नाही. त्या दुकानदाराला मी मागच्याच महिन्यात म्हणालो होतो, तुझ्या गिऱ्हाइकांना जाळायची सवय आहे. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मग मी जाते. काय मागू?"

पांघरूण खाली आलं. "मोटार दीड खाते. मी तिला एक देणारा लावला होता. माझ्याकडं तोच होता. उपाशी होती ती."

पोरांना वर्षानुवर्षं हेच सांगायचे. मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

जळलेली पाटी पदराच्या गाठीत बांधून मी चालत क्रांती चौकात गेले. दुकानातल्या तरुण माणसानं मला पाहिलं, पाटी पाहिली.

"मावशी, पोराचा प्रोजेक्ट का?"

"नाय. माझ्या ड्रमाचा."

तो तसलीच हिरवी पाटी काढायला लागला. मी म्हणाले, "ही नगं. मोटार दीड खाती. बिगरपंख्याची, दिसभर दीड देऊन बी जिला ताप येत नाय आशी दे."

त्यानं मान वर केली. दुसऱ्या डब्यातून एक जांभळी पाटी काढली, ताप उतरवायला वर चिकटवायचा बारीक दातांचा ॲल्युमिनियमचा तुकडा दिला, आणि हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला उस्मानपुऱ्याच्या सरांनी पाठवलं का?"

"ते झोपलेत," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा मालक उठून दाढी करून बसले होते. जांभळी पाटी पाहून खूष झाले आणि लगेच जुनीच्या जागी बसवायला निघाले. जुनीचा स्क्रू ज्या अंगाला होता त्याच अंगाला नवीचा स्क्रू करून. मी जुनी पाटी हातात घेऊन बघत होते. तिच्या पायांशी बारीक इंग्रजी अक्षरं असतात. मला ती वाचता येत नव्हती, अजूनही येत नाहीत. पण आमच्याकडं मेंढराच्या कानाला खूण कापतात, आणि शंभर मेंढरांतून आपलं मेंढरू खुणेवरून काढायचं असतं. जुन्या पाटीवर जी खूण डाव्या कोपऱ्यात होती, ती मालकांच्या हातातल्या पाटीवर उजव्या कोपऱ्यात दिसत होती.

"थांबा. हिचा कान पल्याड गेलाय."

"कसला कान?"

"ही खूण. हिकडं पायजे, तिकडं हाय. तुमी उलटी लावताय."

मालकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दोन्ही पाट्या शेजारी धरल्या. नव्या पाटीचा स्क्रू मुळातच दुसऱ्या टोकाला होता. तसंच लावलं असतं तर वीज देताच तीही गेली असती. मग पाटी फिरवून बसवली आणि जानव्याचा पेचकस माझ्या हातात दिला. "स्क्रू तुम्ही लावा. दहापर्यंत मोजा."

मी लावला. दहा मोजले. माझ्या बोटाला काही झालं नाही, माझी बोटं तव्यावरची.

मग मी मनात होतं ते बोलले. "मालक, ही आता पोटभर खाईल. पन यकांदं पाऊल चुकलंच, तर हिला कळनार कसं?"

"नाही कळणार. तिला डोळे नाहीत, ती फक्त मोजते."

"माझा बाप रोज सांजच्याला मेंढरं मोजायचा. वाघरीच्या तोंडाशी, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी, एक खुंटा आसायचा. त्याला हात लावल्याबिगर मोजनी सुरू नाय. मधी चुकला की परत खुंट्यापासनं. काल चुकलं ते आजच्या मोजनीत आनायचं नाय."

मालक उठून उभे राहिले. "शून्य," म्हणाले. "बाई, मी तिला शून्यच दिलं नाही!" आणि जिन्यावरून काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं काकूंचा आवाज आला, "मिक्सर कोणी उघडला?" मिक्सरमधलं एक बटण खुंट्यासारखं पहिल्या नरसाळ्याशी बसलं. पाइप आधी त्या बटणाला जाऊन टेकायचा, टिक वाजायचं, मग मोजणी.

दुसऱ्या टँकरला सगळी गल्ली जमली. मुकादमीण नळी गळ्यात घालून उभी होती, यंत्र फसणार आणि वाटप परत आपल्या हातात येणार या खात्रीनं. टिक वाजलं. पाइप निघाला. यावेळी मालकांनी क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला होता. मी पहिली, मुकादमीण पाचवी, आणि मालक स्वतः आठवे. पहिलं घर, दुसरं, तिसरं. तिसऱ्याशी सगळ्यांनी श्वास धरला. पाइप बरोबर नरसाळ्यावर थांबला. खाला म्हणाल्या, "बापरे, ये तो समजदार हो गई." पाचव्याशी मुकादमिणीनं नळी गळ्यातून काढली आणि चुपचाप गुंडाळली.

माझा ड्रम भरला होता. स्वच्छ पाणी, तळ दिसत होता. मी त्यात हात घालून बघितलं नाही की काही नाही. झाकण लावलं.

आठव्या घरावर पाइप आला आणि पाणी बारीक झालं. मग ठिबकू लागलं. मला एकदम कळलं. टाकीतलं नळाखालचं वीतभर पाणी मालकांनी वाटणीत धरलं होतं. ते बाहेर येतच नाही, हे त्या अंगणात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मला आधी सुचलं नाही. मालकांचा ड्रम निम्मासुद्धा भरला नव्हता.

मालकांचं तिकडं लक्ष नव्हतं. आता ते नियमानं वागत होते. आधी वीज बंद, मग तारा, मग एकेक तार पुसून गुंडाळणं. पाठ आमच्याकडं.

काकूंनी ड्रमात डोकावलं. मग त्यांच्या पाठीकडं पाहिलं. मग आम्हा बायकांना हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या माणसाला हे कळलं तर तो आणखी सहा महिने माडीवरून खाली यायचा नाही, आणि माझा मिक्सर तर गेलाच. भरा गं."

मी माझ्या ड्रमातली एक घागर आणून ओतली. खालांनी एक ओतली. बाकीच्यांनी एकेक. मुकादमीण जागची हलली नव्हती. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या तेव्हा म्हणाली, "काय बघताय? मी माझी मोठी घागर आनते, तुमच्या लोट्यांनी काय व्हतंय." आणि तिनं दोन आणल्या.

मालक खुणा केलेली काठी घेऊन ड्रम मोजायला निघाले. सगळे ड्रम बोटभर इकडं तिकडं, सारखे. स्वतःच्या ड्रमात काठी घातली आणि थांबले. परत घातली.

"आश्चर्य आहे," म्हणाले. "आठव्यात दोन बोटं जास्तच."

खालांनी रिकामी घागर पदराआड केली.

"शेवटी शेवटी दाब वाढत असावा," असं म्हणून त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

पाऊस पडेपर्यंत दर टँकरला हेच चाललं. ते तारा गुंडाळायचे, आम्ही घागरी ओतायचो. क्रांती चौकातल्या दुकानदाराशी त्यांचं परत जमलं, आणि त्यालाही त्यांनी तो दाब समजावून सांगितला.

आता त्या जागी सहा मजली इमारत आहे. मालक गेले तेव्हा काकू तिथंच दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या, आणि मी भेटायला गेले होते. मालकांचा एक जुना विद्यार्थी आला होता, आता मोठा इंजिनिअर. तो सगळ्यांना त्या यंत्राची गोष्ट सांगत होता. म्हणाला, "एकच गोष्ट मला आजवर कळली नाही. टाकी रिकामी होत असताना शेवटच्या ड्रमला पाणी जास्त कसं जायचं? सर म्हणायचे दाब. पण तसं होत नाही हो. मी कागदावर मांडून पाहिलंय."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी काकूंकडं पाहिलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यांना पाणी द्या."

मी उठले आणि तांब्या काठोकाठ भरून आणला.